मवाळ झालेला रॉक: थर्ड डे आणि जॉर्जियाचा सूर

अमेरिकेतल्या थर्ड डे या ख्रिस्ती रॉक बँडने १९९७ साली ‘कॉन्स्पिरसी नंबर फाइव्ह’ नावाचा अल्बम काढला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, ‘टाइम’ हा अल्बम काढला. हे दोन्ही अल्बम एकापाठोपाठ ऐकले, तर माणसे तीच आहेत हे फक्त गायकाच्या आवाजावरून ओळखता येते. पहिल्यात गिटार भिंतीसारखी अंगावर येते, ढोल छातीवर आदळतो आणि मॅक पॉवेलचा भरदार, किंचित खरखरीत, खर्जातला आवाज त्या भिंतीपलीकडून वाट काढताना दिसतो. दुसऱ्यात तीच भिंत बाजूला सरलेली आहे. अकूस्टिक गिटारच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येतात, दोन ओळींच्या मध्ये श्वास घेण्याइतकी जागा आहे, आणि त्या जागेत अमेरिकेच्या दक्षिणेचा, म्हणजे जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांचा, सूर येऊन बसला आहे.

या बदलाकडे त्या वेळी अनेकांनी माघार म्हणून पाहिले आणि आजही पाहतात. मला तो बदल या बँडच्या सगळ्या वाटचालीतला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. प्रार्थना उसन्या आवाजात फार काळ करता येत नाही, हे या पाच जणांना विशी-पंचविशीत उमगले आणि ते आपल्या गावाच्या आवाजाकडे वळले. मात्र त्याच बँडच्या पुढच्या काळात आणखी एक मवाळपणा आला, त्याचे कूळ निराळे होते, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळेच थर्ड डेविषयी इतके उलटसुलट बोलले जाते.

मी गेली अनेक वर्षे अटलांटाच्या वायव्येला, कॉब काउंटीत राहते. हाच या बँडचा मुलूख. मॅक पॉवेल आणि गिटारवादक मार्क ली यांची ओळख पावडर स्प्रिंग्ज इथल्या मॅकईचर्न हायस्कुलात झाली. आधी त्यांचा ‘न्यूक्लिअर होडाउन’ नावाचा शाळकरी बँड होता, आणि मग १९९१ च्या सुमारास थर्ड डे उभा राहिला. बास वाजवणारा टाय अँडरसन, ड्रमवरचा डेव्हिड कार आणि पुढे दुसऱ्या गिटारवर आलेला ब्रॅड एव्हरी मिळून पाच जण झाले. तिसऱ्या दिवशी प्रभू येशू मरणातून उठला, यावरून नाव घेतले. पॉवेल मूळचा अलाबामातल्या क्लॅंटनचा. हा भाग पीच फळांच्या बागांसाठी ओळखला जातो. बँडचे घर मात्र मॅरिएटा. हे तेच गाव, जिथल्या रॉबिन्सन भावांनी ‘द ब्लॅक क्रोज’ काढून १९९० साली दक्षिणी रॉकला पुन्हा जगभर ऐकायला लावले. कॉब पार्कवे या रस्त्यावर छप्पन्न फूट उंच कोंबडीच्या आकाराचे एक दुकान आहे आणि या भागातले लोक पत्ता सांगताना अजूनही ‘त्या मोठ्या कोंबडीपासून डावीकडे’ असेच सांगतात. अशा गावात वाढलेल्या मुलांच्या कानावर कोणते संगीत पडले असेल, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

१९९६ साली रीयुनियन रेकॉर्ड्सने त्यांचा पहिला मोठा अल्बम बाजारात आणला. त्यात हा दक्षिणी सूर कोवळ्या रूपात आहेच. ‘थीफ’ नावाचे गाणे येशूच्या शेजारच्या वधस्तंभावर लटकवलेल्या चोराच्या तोंडी आहे. दिवस मावळायला आला आहे, आयुष्य वाया गेले आहे, आणि शेजारचा हा निरपराध माणूस कोण असेल, असा प्रश्न तो चोर स्वतःला विचारतो. हे गाणे एखाद्या म्हाताऱ्या कथेकऱ्याने सांगावे तसे चालते. त्यात घाई नाही. म्हणून त्यानंतरचा १९९७ चा अल्बम अधिकच वेगळा वाटतो.

तो तसा का झाला, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९६९ साली लॅरी नॉर्मनने लांब केस आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन येशूची गाणी गायला सुरुवात केली, तेव्हापासून ख्रिस्ती रॉकला दोन आघाड्यांवर लढावे लागले. चर्चमधली वडीलधारी मंडळी या संगीताला सैतानाचे म्हणत होती, तर चर्चबाहेरचा रसिक त्याला प्रवचन म्हणून झिडकारत होता. ऐंशीच्या दशकात टीव्हीवरचे नामवंत प्रचारकसुद्धा ख्रिस्ती रॉकवर तोंडसुख घेत होते. अशा वातावरणात मोठा आवाज ही एक भूमिका होती; आम्हीही तुमच्याइतकेच जोरात वाजवू शकतो, हे दाखवण्याची ती रीत होती. नव्वदच्या दशकात सिअ‍ॅटलहून ग्रंज नावाचा खरखरीत रॉक आला, पर्ल जॅम आणि निर्वाणा घराघरांत पोहोचले, आणि १९९५ साली डीसी टॉक या ख्रिस्ती बँडच्या ‘जीझस फ्रीक’ने तो जडशीळ, गढूळ गिटारीचा आवाज ख्रिस्ती तरुणांच्या खोल्यांत आणून सोडला. थर्ड डेने दुसऱ्या अल्बमसाठी निर्माता निवडला तो किंग्ज एक्स या टेक्सासच्या जड वाजवणाऱ्या बँडबरोबर काम केलेला सॅम टेलर. काळाची हाकच तशी होती आणि त्यांनी ती ऐकली.

त्या अल्बमला मी कमी लेखत नाही. माझा जॉर्जियात वाढलेला भाचा मला आवर्जून सांगतो, “मावशी, देवावर कुणी ओरडू शकतं, हे मला पहिल्यांदा या अल्बममधून कळलं. चर्चमध्ये सगळे नेहमी मजेतच असतात.” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली, तर ठिकठिकाणी स्तोत्रकर्ता परमेश्वराला जाब विचारत असतो: तू कुठे लपलास, किती काळ मला विसरणार आहेस. ‘कॉन्स्पिरसी’मध्ये बायबलमधला संदेष्टा होशेय याच्या व्यभिचारी पत्नीवर, गोमेरवर, एक गाणे आहे, आणि असा विषय गोड आवाजात गाता आला असता असे मला वाटत नाही. तरीही या अल्बममध्ये मला पुन्हा पुन्हा ओढून नेणारे गाणे ‘माय होप इज यू’ हेच आहे. पंचविसाव्या स्तोत्रावर रचलेले हे संथ गाणे त्या सगळ्या गडगडाटाच्या मध्ये उभे आहे आणि ते सुरू झाले की पॉवेलचा आवाज एकदम मोकळा होतो, जणू दिवसभर परक्या भाषेत बोलून आलेला माणूस घरी येऊन आपल्या बोलीत दोन वाक्ये बोलतो. पुढच्या अल्बमची चाहूल मला तिथेच लागते.

त्या दोन अल्बमच्या मध्ये आणखी एक छोटी गोष्ट घडली. १९९८ साली मायकल डब्ल्यू. स्मिथ या ख्रिस्ती गायकाने निरनिराळ्या बँडांकडून उपासनेची गाणी गाऊन घेऊन ‘एक्झोडस’ नावाचा संग्रह काढला आणि त्यात थर्ड डेने स्मिथचेच ‘अग्नुस देई’ गायले. देवाच्या कोकऱ्याची, म्हणजे येशूची, थोरवी गाणारे, मोजक्याच शब्दांचे हे गाणे. त्यात भूमिका मांडायला, आपण किती आधुनिक आहोत हे सिद्ध करायला जागाच नाही. ते गाणे त्यांनी ज्या सावकाशीने चढवत नेले आहे, ती सावकाशी पुढच्या वर्षी ‘टाइम’मध्ये सर्वत्र दिसते.

आता हा दक्षिणी सूर म्हणजे नेमके काय, ते सांगायला हवे, कारण मवाळ म्हटले की लोकांना फक्त कमी आवाज असे वाटते. जॉर्जियात मॅकन नावाचे गाव आहे, अटलांटापासून दक्षिणेला सुमारे दीड तासाच्या अंतरावर. १९६९ साली ऑलमन ब्रदर्स बँड तिथे येऊन राहिला, फिल वॉल्डनच्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्सने त्यांच्या तबकड्या काढल्या, आणि ब्लूज, कंट्री, गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते) व जॅझ यांच्या मिश्रणातून ज्याला आज सदर्न रॉक म्हणतात तो प्रकार आकाराला आला. त्यातल्या ड्वेन ऑलमनने स्लाइड गिटारला जी वाणी दिली, ती आजही कुणी विसरलेले नाही. तो कॉरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेवर चढवून तारांवरून सरकवत असे. १९७१ साली मॅकनमध्येच मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता.

आमच्या इथल्या चर्चमध्ये गिटार वाजवणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत. एकदा उपासना संपल्यावर त्यांनी मला ती करामत जवळून दाखवली. काचेची नळी तारेवर टेकवायची पण दाबायची नाही, पडदा जिथे आहे बरोबर त्याच्या डोक्यावर थांबायचे, मागच्या बोटाने मागची तार हलकेच झाकायची म्हणजे खरखर येत नाही, आणि मग एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचे. ते म्हणाले, “दाबलंस तर स्वर मेला. नुसता हात ठेव आणि वाट बघ.” त्या काचेखालून निघालेला स्वर ऐकताना मला आपल्याकडची मींड आठवली, दोन स्वरांच्या मधली सगळी जागा तिथे ऐकू येते आणि माणसाचा गळा दाटून यावा तसा तो स्वर वाकतो. सदर्न रॉकचा मऊपणा या वाकण्यात आहे. त्यात आवाज मोठा असू शकतो, पण स्वराला कडा नसते.

याच मातीत आणखीही जुने थर आहेत. १८४४ साली जॉर्जियात ‘द सेक्रेड हार्प’ हे चौकोन, त्रिकोण, गोल अशा आकारांच्या स्वरचिन्हांचे गीतपुस्तक निघाले, आणि त्या पुस्तकावरून गाणारी माणसे आजही चौकोनात समोरासमोर बसतात, श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत, कारण तिथे श्रोता कुणीच नसतो, गाणारे सगळे. पावडर स्प्रिंग्जच्या पश्चिमेला जवळच व्हिला रिका आहे, जिथे १८९९ साली थॉमस डॉर्सी जन्मला. पुढे शिकागोत जाऊन त्याने ब्लूजचे सूर आणि चर्चची प्रार्थना यांची सांगड घातली आणि कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीताचा जनक म्हणून तो ओळखला गेला. १९३२ साली बाळंतपणात पत्नी आणि पाठोपाठ बाळही गेल्यावर त्याने प्रभूचा हात मागणारे जे गीत रचले, ते आजही अमेरिकेत मर्तिकाच्या वेळी गायले जाते. म्हणजे ज्या शाळेत थर्ड डेची पहिली जोडी जमली, तिच्या आजूबाजूच्या वीस-पंचवीस मैलांत भक्तीचे एक आख्खे घराणे नांदले होते. सिअ‍ॅटलचा आवाज त्यांनी मेहनतीने आत्मसात केला. हा आवाज त्यांच्या अंगात आधीपासून होता.

‘टाइम’चा निर्माता मन्रो जोन्स. या अल्बममध्ये सगळेच हळुवार आहे असे नाही. ‘टुक माय प्लेस’सारख्या गाण्यांत चांगलाच ठसका आहे. परंतु ठसका आणि आदळआपट यांत फरक आहे, आणि तो फरक ठेक्याच्या वागण्यात कळतो. ‘कॉन्स्पिरसी’त ड्रम पुढे धावतो आणि बाकीच्यांना ओढत नेतो, तर इथे तो किंचित मागे रेलून बसतो, त्यामुळे गाणाऱ्याला शब्द उच्चारायला वेळ मिळतो. ‘आय’व्ह ऑलवेज लव्ह्ड यू’ हे गाणे देवाच्या तोंडी घातलेले आहे: काळ सुरू होण्याच्याही आधीपासून मी तुझ्यावर प्रेम करत आलो आहे, तू पाठ फिरवलीस तरी पुन्हा सांगेन. देवाच्या तोंडचे हे शब्द दोन वर्षांपूर्वीच्या आवाजात गायले असते, तर त्यांचा दरारा वाटला असता. साध्या अकूस्टिक गिटारवर, जवळजवळ बोलल्यासारखे गायल्यामुळे ते एखाद्या बापाने दारात उभे राहून म्हणावे तसे ऐकू येतात, आणि बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट ज्याने वाचली आहे त्याला हा बाप लगेच ओळखू येतो.

त्याच अल्बममधले ‘युवर लव्ह, ओ लॉर्ड’ मी अहमदनगरला असलेल्या माझ्या वडिलांना फोनवरून ऐकवले होते. ते तिथल्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षे पेटी वाजवत आले आहेत आणि इंग्रजी गाण्यांविषयी त्यांना फारसे प्रेम नाही. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “छत्तिसावं स्तोत्र आहे ना गं हे? प्रभूची दया आकाशाएवढी, नीतिमत्त्व डोंगरांसारखं, न्याय समुद्रासारखा खोल. चाल परकी आहे, पण माणूस आपल्या घरात बसून गातोय.” मी त्यांना बँडविषयी एक अक्षर सांगितले नव्हते.

पप्पांना ते ऐकू आले, यामागे त्यांची स्वतःची परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले, तेव्हा मराठी ख्रिस्ती लोक पाश्चात्य चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गात असत. शब्द मराठी, अर्थ खरा, पण गाणाऱ्याची जीभ अडखळत असे, कारण मराठीच्या ऱ्हस्वदीर्घाला त्या चाली मानवत नव्हत्या. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओवी, अभंग, पद आणि कीर्तन यांना उपासनेत आणले, पेटी-तबला-टाळ यांना ख्रिस्ती देवळात जागा मिळवून दिली, आणि त्यांच्या रचनांनी मराठी ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक भरून गेले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्या काळीही या बदलाला विरोध करणारे होतेच. देशी चाली म्हणजे मागे जाणे, असे त्यांना वाटे. मी लहानपणी टिळकांची पदे गात वाढले आहे, आणि म्हणून ‘टाइम’ ऐकताना मला त्यात कुठेही पीछेहाट दिसली नाही. नगरच्या मंडळीला जे टिळकांनी दिले, ते मॅरिएटाच्या या मुलांना कुणी बाहेरून द्यावे लागले नाही, एवढाच फरक.

या बदलाचा खरा परिणाम २००० साली ‘ऑफरिंग्ज’मध्ये कळला. हा उपासनागीतांचा अल्बम. त्यातली बरीच गाणी प्रत्यक्ष कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेली आहेत. तिथे ‘माय होप इज यू’ आणि ‘युवर लव्ह, ओ लॉर्ड’ ही दोन्ही गाणी पुन्हा येतात, आणि या वेळी हजारो लोक सोबत गात आहेत. लोकांना सोबत गाता येणे ही फार तांत्रिक गोष्ट आहे, असे मला मंडळीत गाणी बसवताना दरवेळी जाणवते. पट्टी अशी हवी की बायका आणि पुरुष दोघांचाही आवाज फाटू नये. ओळ अशी हवी की पहिल्या खेपेला ऐकून दुसऱ्या खेपेला म्हणता यावी. आणि ओळीनंतर एक मात्रा मोकळी हवी, कारण साध्या माणसाला श्वास घ्यावा लागतो. जड रॉकमध्ये ती मोकळी मात्रा गिटार खाऊन टाकते, त्यामुळे ऐकणारा हात उंचावतो, मान हलवतो, पण गात नाही. थर्ड डेने दक्षिणेकडे वळताना गिटारला गप्प बसायला शिकवले आणि त्या मोकळ्या मात्रेत लोक शिरले. त्याच वर्षी ‘सिटी ऑन अ हिल’ या संग्रहासाठी पॉवेलने गायलेले ‘गॉड ऑफ वंडर्स’ कुठल्या कुठे पोहोचले; स्टीव्ह हिंडलॉंग आणि मार्क बर्ड यांची ती रचना पुण्या-मुंबईच्या तरुणांच्या प्रार्थनासभांतही मी ऐकली आहे, गिटारच्या जागी कीबोर्ड आणि कहोन हे खोक्यासारखे तालवाद्य असताना.

यानंतरचा प्रवास मात्र सरळ रेषेत झाला नाही. २००१ च्या ‘कम टुगेदर’मध्ये दक्षिणी ढंग टिकला, २००४ च्या ‘वायर’मध्ये पुन्हा रॉक वर आला. २००५ च्या अखेरीस ‘व्हेअरेव्हर यू आर’ आला आणि इथे तो दुसरा मवाळपणा दिसतो. ‘कम टुगेदर’ आणि ‘वायर’ या दोन्हींना रॉक गॉस्पेल विभागात ग्रॅमी मिळाले होते. ‘व्हेअरेव्हर यू आर’ला मिळाले ते पॉप आणि समकालीन गॉस्पेल विभागात. परीक्षकांनी विभाग बदलला, कारण आवाज बदलला होता. तोवर अमेरिकेत ख्रिस्ती रेडिओचे जाळे प्रचंड पसरले होते. घरातल्या लहानथोरांनी बिनधास्त ऐकावे, मन उल्हसित व्हावे, असे ब्रीद मिरवणारी ही केंद्रे. गाडीतून मुलांना शाळेत सोडायला निघालेली आई हा त्यांचा आदर्श श्रोता. त्या आईविषयी मला आदरच आहे, मीही त्या रांगेत गाडी घेऊन उभी राहिले आहे. परंतु तिला त्रास होऊ नये म्हणून गाण्याच्या सगळ्या कडा घासल्या गेल्या की उरतो तो गुळगुळीतपणा, आणि त्याला कुठलाच प्रांत नसतो. असे गाणे अटलांटात झाले काय आणि लॉस एंजेलिसमध्ये झाले काय, कानाला कळत नाही. ‘टाइम’ ऐकताना मी डोळे मिटूनही सांगू शकते की ही माणसे जॉर्जियाची आहेत.

तरीही याच अल्बममधल्या ‘क्राय आउट टू जीझस’पुढे माझे हे सगळे तर्क थांबतात. जवळचे माणूस गमावलेले, मोडकळीला आलेला संसार ओढणारे, व्यसनाशी झुंजणारे, अशा एकेकाला उद्देशून हे गाणे बोलते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते: येशूला हाक मार. आमच्या मंडळीतल्या एका तरुण विधवेच्या घरी आम्ही काही जणी बसलो होतो तेव्हा ते लागले. बोलायला कुणाकडेच शब्द नव्हते. त्या खोलीत ते गाणे पॉपचे आहे की रॉकचे, हे विचारण्याची कुणाला गरज भासली नाही. रेडिओच्या मवाळपणातूनही कधी कधी असे काही बाहेर पडते, आणि जे बाहेर पडले त्याला मी नाकारू शकत नाही.

दक्षिणेच्या सुराविषयी एवढ्या प्रेमाने लिहिताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. अटलांटाच्या पूर्वेला स्टोन माउंटन नावाचा दगडी डोंगर आहे; १९१५ साली कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचे पुनरुज्जीवन त्याच्याच माथ्यावर झाले. सत्तरच्या दशकात सदर्न रॉकच्या कित्येक मंचांवर गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा झेंडा लावलेला असे. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असे अटलांटाचेच मार्टिन लूथर किंग सांगत, आणि इथल्या अनेक चर्चमध्ये ते अजूनही डोळ्यांना दिसते. आणि तरी या सुरातले जे जे हृदयाला हात घालणारे आहे, तो वाकलेला स्वर, तो मागे रेललेला ठेका, हाक आणि प्रतिसाद, ते सगळे मुळात काळ्या माणसांच्या शेतांतून आणि प्रार्थनाघरांतून आले आहे. पाच गोऱ्या मुलांनी आपल्या गावाचा आवाज म्हणून जो स्वीकारला, त्याचे निम्म्याहून अधिक मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. ‘टाइम’मध्ये हे ऋण कुठे उच्चारलेले नाही, आणि त्या अल्बमविषयीची माझी एकमेव खंत ती आहे.

म्हणून २०१० चा ‘मूव्ह’ मला महत्त्वाचा वाटतो. २००८ साली हॉवर्ड बेन्सनसारख्या बड्या निर्मात्याबरोबर झळझळीत ‘रेव्हलेशन’ करून झाल्यावर आणि त्याच वर्षी ब्रॅड एव्हरी बँडमधून गेल्यावर उरलेले चौघे पुन्हा दक्षिणी रॉककडे वळले. त्यातल्या ‘लिफ्ट अप युवर फेस’ या गाण्यात त्यांनी ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा यांना बोलावले. ही मंडळी १९३० च्या दशकाअखेरीस अलाबामातल्या टॅलाडेगा इथल्या अंध कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेतून एकत्र आलेली. सत्तर वर्षे ती गात होती. त्यांचे जुनाट, घोगरे, एकमेकांना खेटून उभे असलेले आवाज सुरू होतात तेव्हा पॉवेल मागे सरतो. तो अकरा वर्षांपूर्वी ज्या घरात येऊन गायला लागला होता, त्या घरातल्या थोरल्यांनी आता गाणे हातात घेतले आहे. हे सहगान आधी व्हायला हवे होते, पण झाले ते मनापासून झाले.

बाकी इतिहास थोडक्यात. २०१२ च्या ‘मिरॅकल’चा निर्माता ब्रेंडन ओब्रायन हा अटलांटाचा माणूस, पर्ल जॅमचे नव्वदच्या दशकातले बहुतेक अल्बम त्यानेच केले होते आणि ब्लॅक क्रोजच्या पहिल्या अल्बमवरही त्याचा हात होता. म्हणजे ज्या सिअ‍ॅटलच्या आवाजामागे ही मुले एके काळी धावली, त्याच्या घडणीत त्यांच्याच शहरातला एक जण होता. त्याच वर्षी पॉवेलने स्वतःच्या नावाने सरळ कंट्रीचा अल्बम काढला, आणि त्याचा गळा किती खोलवर दक्षिणेचा आहे हे उघड झाले. २०१८ च्या उन्हाळ्यात निरोपाचा दौरा करून थर्ड डे थांबला.

भाच्याशी माझा वाद अजून चालू आहे. मी त्याला अलीकडे एवढेच सुचवले की ‘माय होप इज यू’ आधी १९९७ च्या अल्बममधले ऐक, मग लगेच २००० च्या ‘ऑफरिंग्ज’मधले ऐक, आणि दुसऱ्यात लोक कुठे गायला लागतात तिकडे कान दे. त्याने ऐकले आणि कळवले, “मावशी, पहिलं अजूनही जास्त आवडतं. पण दुसऱ्यात मी पण गात होतो.”